न्यायमूर्ति केशवराव कोरटकर : चरित्र व साधनें

निजामाच्या राज्यांतील मराठी माणसांच्या राजकारणाचा आरंभ १९३७ सालीं परतूर येथें भरलेल्या महाराष्ट्र परिषदेच्या पहिल्या अधिवेशनापासून धरण्याचा प्रघात आहे. परतूर त्या वेळीं परभणी जिल्ह्यांत होतें, तेव्हां या भागांतील लेखकांस हा प्रघात विशेष प्रिय असल्यास नवल नाहीं. पुढच्याच वर्षीं हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिजवर बंदी आली आणि तेथपासूनचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मतें हा आरंभ निदान एक पिढी मागें न्यावा लागतो. तो मागें नेतांना जो पुरुष प्रथम समोर येतो, तो सभा गाजविणारा वक्ता नसून कोर्टांतील वकील व पुढें हैदराबाद हायकोर्टाचा न्यायाधीश आहे. केशवराव कोरटकर हें त्यांचें नांव. त्यांचें राजकारण राजकारण म्हणून फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. याचें कारण त्यांच्या चरित्रांत नसून त्या राज्याच्या कायद्यांत व त्यांच्या चरित्राच्या साधनांत आहे, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली दक्षिण पूर्णा जिंतूर तालुक्यांत येलदरीपाशीं येते. तेथें १९६८ सालीं पुरें झालेलें मोठें धरण आहे, व त्याच्या पाण्याखालीं नदीकांठचीं कित्येक गांवें गेलीं. गांवें उठलीं तेव्हां वाडे गेले आणि वाड्यांच्या माळ्यावरचीं दफ्तरें जिकडे माणसें गेलीं तिकडे गेलीं. मराठी सनदा, महजर, वतनाचे कागद लोकांनीं जपले. उर्दू कागद मात्र वाचतां येत नाहींत म्हणून मागें राहिले. केशवरावांचें चरित्र ज्यांतून लिहावयाचें ते कागद नेमके याच दुसऱ्या जातीचे आहेत, म्हणून हा विषय येलदरीपासून सुरू करणें आम्हांस योग्य वाटलें. येलदरीच्या खालच्या अंगास औंढा-वसमतच्या टापूंत पुरजळ नांवाचें गांव आहे. तेथें १८६७ सालीं केशवरावांचा जन्म झाला.

जन्मकाळाकडे थोडें लक्ष देणें अवश्य आहे. १८६५ सालीं पहिल्या सालारजंगानें राज्यांत जिल्हाबंदी केली. तोंपर्यंत 'तालुकदार' म्हणजे बहुधा वसुलाचा इजारदार असे. त्यानंतर तोच शब्द पगारी जिल्हाधिकाऱ्यास लागूं लागला. अव्वल तालुकदार, दुय्यम तालुकदार, तहशीलदार अशी उतरंड बसली, आणि तिच्या जोडीस मुनसफ व वरचीं न्यायालयें आलीं. म्हणजे केशवराव ज्या पिढींत जन्मले, त्या पिढीस घराण्याच्या वतनाखेरीज दुसरा एक रस्ता प्रथमच खुला झाला होता, तो कायद्याच्या परीक्षेचा. जुन्या कागदांत १८६५ पूर्वींचा तालुकदार व नंतरचा तालुकदार एकच समजून घोटाळा करणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. पहिला सावकार होता, दुसरा नोकर होता.

हा रस्ता खुला असला तरी सोपा नव्हता. गांवचा पाटील-कुळकर्णी मोडींत लिही, वरच्या कचेऱ्यांत फारसी चाले, आणि १८८४ सालीं फारसीची जागा उर्दूनें घेतली. केशवराव त्या वेळीं सतरा वर्षांचे होते. भाषेचा हा पालट ज्यांच्या ऐन उमेदींत आला, त्यांनीं तो आपलासा करून घेतला. वयानें मोठ्या झालेल्या अनेक हिंदु वकिलांस तो जड गेला असला पाहिजे. केशवरावांचें शिक्षण गुलबर्ग्यास झालें, तेथेंच त्यांनीं वकिलीची परीक्षा देऊन धंदा सुरू केला. गुलबर्गा हें सुभ्याचें ठाणें, आगगाडीवरचें गांव, आणि मराठी, कानडी व उर्दू अशा तीन भाषांचा बाजार. तेथें ज्याची जीभ तिन्हीकडे चाले त्याची वकिली चाले. १८९६ च्या सुमारास ते हैदराबादेस आले व लौकरच हायकोर्टाच्या पहिल्या प्रतीच्या वकिलांत गणले जाऊं लागले.

वकील या वर्गाचें त्या राज्यांतील स्थान समजल्यावांचून पुढचें कांहींच समजणार नाहीं. १८९३ सालीं हैदराबादेस कायदे करण्याकरितां एक मंडळ निर्माण झालें. त्यांत सरकारी सभासदांचा भरणा होता; परंतु बिनसरकारी थोड्या जागांपैकीं कांहींची निवड जहागीरदार-जमीनदारांकडे व कांहींची हायकोर्टाच्या वकिलांकडे दिलेली होती. रयतेला मत नव्हतें, व्यापाऱ्याला नव्हतें, शेतकऱ्याला तर नव्हतेंच. मोठ्या जमिनी-जहागिरी नसलेल्या माणसास आपला प्रतिनिधि पाठविण्याचा जो एक मार्ग होता तो वकिलीच्या सनदेंतून जात होता. मुंबई-पुण्याकडे वकिलांनीं राजकारण केलें तें इंग्रजी शिक्षणाच्या जोरावर, असें म्हणतात. हैदराबादेस तें त्यांच्याकडे आलें, कारण दुसऱ्या कोणाकडे तें येण्यास कायद्यानें जागाच ठेवली नव्हती.

राजकारणाची किंमतही त्यांस ठाऊक होती. १८८३ सालीं चांदा रेल्वेच्या योजनेविरुद्ध शहरांत चळवळ झाली. ती करणाऱ्यांतील प्रमुख, निजाम कॉलेजचे अघोरनाथ चट्टोपाध्याय, यांस राज्याबाहेर जावें लागलें. त्यांचे सहकारी मुल्ला अब्दुल कय्यूम यांच्यावरही सरकारची मर्जी खप्पा झाली. अघोरनाथ पुढें परत आले. परंतु उघड चळवळ करणाऱ्यास राज्याची वेस दाखविली जाते, हें उदाहरण पुढच्या पिढीसमोर राहिलें. ज्यास हैदराबादेंत राहूनच काम करावयाचें आहे, त्यास दुसरी रीत शोधणें भाग होतें.

ती रीत एका भौगोलिक योगायोगानें सुलभ झाली. शहरांत रेसिडेन्सी बाजार म्हणून जो भाग होता, त्यांतील सुलतान बाजार आदिकरून मोहोल्ल्यांवर १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेंटाचा अंमल चाले. मुसी नदीचा पूल ओलांडला कीं कायदा बदले. १८९२ सालीं स्थापन झालेला हैदराबादचा आर्यसमाज सुलतान बाजारांत होता. १९०१ सालीं निघालेलें श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् हें तेलुगु ग्रंथालयही रेसिडेन्सीच्याच आश्रयानें उभें राहिलें. संस्थांची ही दाटी केवळ धार्मिक वा वाङ्मयीन आवडीनें झाली नाहीं, हें नकाशा समोर ठेवल्यास सहज ध्यानांत येतें. केशवराव आर्यसमाजाचे सभासद व पुढें अध्यक्ष झाले. विधवाविवाह, बालविवाहनिषेध, अस्पृश्यतानिवारण हे समाजाच्या कार्यक्रमांतील विषय होते, आणि सरकारच्या दृष्टीनें ते सामाजिक असल्यामुळें त्यांवर बोलण्यास मज्जाव नव्हता.

याच काळांत, १९०७ च्या सुमारास, हैदराबादेस विवेकवर्धिनी पाठशाळा सुरू झाली. गुलबर्ग्याचें नूतन विद्यालयही १९०७ सालचें. दोहोंच्या उभारणींत केशवरावांचा हात होता, व हैदराबादेंत वामनराव नाईक हे त्यांचे मुख्य साथी होते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना १८८० ची. म्हणजे खाजगी राष्ट्रीय शाळेची कल्पना निजामाच्या राज्यांत उतरावयास पाव शतकाहून अधिक काळ लागला. पण हैदराबादेंतील तिचा अर्थ पुण्याहून वेगळा होता. सरकारी शाळांतून उर्दूचें प्राबल्य होतें आणि १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचें निघालें. अशा राज्यांत मराठींतून शिकविणारी शाळा चालविणें हेंच एक राजकीय विधान होतें, फक्त तें कोणी उच्चारीत नसे. उस्मानियाविषयीं मराठी लेखकांनीं बहुधा रागानें लिहिलें आहे. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तेवढा मोठा प्रयत्न हिंदुस्थानांत तेव्हां दुसरा नव्हता, हेंही त्याच लेखणीनें लिहिणें न्याय्य झालें असतें. अन्याय होता तो उर्दूच्या उत्कर्षांत नव्हता. प्रजेंतील बहुसंख्यांच्या मराठी, तेलुगु, कानडी भाषांस तीच संधि नाकारण्यांत होता.

आतां १९२१ या वर्षाकडे येऊं. या चरित्रांतील सर्व गांठी याच वर्षांत बसलेल्या आहेत. १९१९ सालीं निजाम मीर उस्मान अलीखान यांनीं कार्यकारी मंडळ नेमून सर अली इमाम यांस त्याचें अध्यक्ष केलें. कायदेमंडळाची सुधारणा कशी करावी याचा विचार करण्याचें काम निवृत्त न्यायाधीश रायबहादुर बालमुकुंद यांजकडे सोंपविलें. १९२१ सालीं न्यायखातें मुलकी खात्यापासून अलग झालें. त्यापूर्वीं तालुकदार हाच वसूल करी व तोच न्यायासही बसे. ब्रिटिश हिंदुस्थानांत ज्या सुधारणेची मागणी काँग्रेस वर्षानुवर्षें करीत होती ती हैदराबादेनें आधीं केली, हें कबूल करावयास पाहिजे. परंतु त्याच वर्षीं सरकारच्या पूर्वपरवानगीवांचून राजकीय सभा भरविण्यास मनाई झाली, आणि पुढें गश्ती निशान ५३ या नांवानें कुप्रसिद्ध झालेल्या हुकुमानें तो फास अधिक आवळला. न्यायाधीश स्वतंत्र झाला आणि प्रजा मुकी झाली, अशी ही विलक्षण जोडी आहे. जो मनुष्य प्रजेचा पुढारी व न्यायखात्याचा माणूस असा दोन्ही नात्यांनीं जगला, त्याच्या वांट्यास या जोडींतील दोन्ही बाजू आल्या.

राजकीय सभा नको, तर सामाजिक सभा. नोव्हेंबर १९२१ मध्यें विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहांत निजाम राज्य सामाजिक परिषद भरली. अध्यक्ष महर्षि धोंडो केशव कर्वे होते. कर्त्या मंडळींत केशवराव प्रमुख होते. परिषदेंत मराठी, कानडी, उर्दू व इंग्रजी भाषणें झालीं. आलमपल्ली व्यंकटरामराव तेलुगूंत बोलावयास उभे राहिले तेव्हां श्रोत्यांतील मंडळींनीं टाळ्या पिटून व हुल्लड करून त्यांस खालीं बसविलें. ज्या राज्यांत सर्वांत मोठी लोकसंख्या तेलुगु भाषिकांची, त्याच्या राजधानींत हा प्रकार झाला. त्याच रात्रीं कांहीं तेलुगु गृहस्थांनीं एकत्र जमून आंध्र जन संघाचा पाया घातला, व त्यांतून १९३० सालीं जोगीपेठ येथें आंध्र महासभेचें पहिलें अधिवेशन झालें.

मराठी लेखनांत हा प्रसंग गाळला जातो किंवा एका वाक्यांत उरकला जातो. तेलुगु लेखनांत त्यापासूनच इतिहास सुरू होतो. आमच्या मतें तो गाळणें अप्रामाणिकपणाचें आहे. उर्दूच्या वरचढपणाविरुद्ध आपल्या भाषेची शाळा काढणाऱ्या समाजानें दुसऱ्या देशी भाषेस व्यासपीठावर जागा नाकारली. हुल्लड कांहीं थोड्यांनीं केली, परंतु ती थांबविण्याची जबाबदारी व्यवस्थापकांची होती. केशवरावांचें तेलुगु मंडळींशीं वैर नव्हतें. तरीही त्यांच्या पिढीच्या सुधारणावादास ही मर्यादा होती आणि तिचा परिणाम मोठा झाला. महाराष्ट्र परिषद, आंध्र महासभा व कर्नाटक परिषद अशा तीन वेगळ्या संस्थांत पुढील राजकारण वांटलें गेलें, त्या वांटणीची पहिली रेघ विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहांत पडली.

बंदीमुळें राजकीय परिषदा राज्याबाहेर भरवाव्या लागल्या. पहिली १९२३ सालीं काकिनाड्यास, काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळीं, बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखालीं. पुढें १९२६ सालीं मुंबईस, १९२८ सालीं न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यास व १९३१ सालीं अकोल्यास. अकोला वऱ्हाडांत, आणि वऱ्हाड नांवाला निजामाचें. १९०२ च्या करारानें तें इंग्रजांस कायमच्या पट्ट्यानें दिलेलें. म्हणजे निजामाच्या प्रजेनें निजामाविषयींचीं गाऱ्हाणीं निजामाच्याच मालकीच्या भूमीवर, पण इंग्रजांच्या अंमलांत उभें राहून मांडलीं! कायद्याचा हा विनोद एखाद्या जुन्या वकिलासच सुचावा.

केशवराव हायकोर्टाच्या न्यायासनावर बसले, तेव्हां त्यांनीं चळवळ सोडली असा एक आक्षेप घेतला जातो. तो मान्य करण्यापूर्वीं मुंबईकडील उदाहरणें पाहावींत. काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८८९ सालीं हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. ते वारल्यावर १८९३ सालीं ती जागा महादेव गोविंद रानडे यांस मिळाली. नारायण गणेश चंदावरकर १९०० सालीं लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि लगेच न्यायासनावर गेले. रानड्यांनीं सरकारी नोकरीची अडचण ओळखून १८८७ पासून सामाजिक परिषदेचा मार्ग काढला. सुधारणेच्या नांवाखालीं त्यांनीं जेवढें देशकार्य केलें तेवढें फार थोड्यांनीं केलें. केशवरावांनीं तोच कित्ता गिरविला, फक्त अधिक कठीण जागीं. मुंबईचा न्यायाधीश पार्लमेंटाच्या कायद्यान्वयें नेमलेला होता. हैदराबादचा न्यायाधीश फर्मानानें नेमला जाई व फर्मानानेंच दूर होऊं शके. शिवाय मुंबईंत रानडे बोलूं शकत नव्हते तेव्हां टिळक व गोखले बोलत होते. हैदराबादेंत कोणासच बोलतां येत नव्हतें. अशा ठिकाणीं न्यायासन स्वीकारणें म्हणजे माघार, असें आम्हांस वाटत नाहीं. हिंदु वकिलांतून वर चढलेला, शाळा चालविणारा, आर्यसमाजाचा पुढारी त्या आसनावर दिसणें हाच त्या काळीं परभणी-गुलबर्ग्याच्या पक्षकारास मोठा आधार होता. न्यायासनानें त्यांच्या संस्थांतील कामही थांबविलें नाहीं. १९३१ सालीं निजाम राज्याची आर्य प्रतिनिधि सभा संघटित झाली तेव्हां तिचें अध्यक्षपद केशवरावांकडे आलें. १९३२ सालीं ते वारले.

त्यांचे चिरंजीव विनायकराव यांस त्यांनीं हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडींत शिकविलें, व तेथील विद्यालंकार ही पदवी पुढें आडनांवासारखी रूढ झाली. विनायकराव बॅरिस्टर झाले, १९३८-३९ च्या आर्य सत्याग्रहाचे शेवटचे सर्वाधिकारी होते, पुढें हैदराबाद राज्याचे अर्थमंत्री व १९५७ सालीं लोकसभेचे सभासद झाले. ज्या राजकारणास बापास सामाजिक वेष घालावा लागला, तें मुलानें उघड्यानें केलें. १९४० सालीं केशवरावांच्या स्मरणार्थ नारायणगुडा येथें केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था निघाली.

आतां साधनांविषयीं, कारण संग्राहकांस आमची विनंति याच भागाची आहे. केशवरावांचें सामाजिक कार्य मराठी छापील कागदांत आहे; १९२० सालीं निघालेल्या 'निजाम-विजय' साप्ताहिकासारखीं पत्रें त्यांत महत्त्वाचीं. त्यांचें न्यायदान उर्दूंत आहे. पहिल्यावरून ते शाळामास्तरांचे आश्रयदाते दिसतात, दुसऱ्यावरून सरकारी अधिकारी. दोन्ही एकत्र वाचल्यावांचून पुढारी दिसत नाहीं. उर्दू कागद वाचतांना कांहीं शब्द ध्यानांत ठेवावे. हायकोर्टास 'अदालत-उल-आलिया' म्हणत. मुख्य न्यायाधीश तो 'मीर मजलिस' आणि इतर न्यायाधीश ते 'रुक्न'. रुक्न म्हणजे खांब वा सभासद. या शब्दावरून एखाद्या न्यायाधीशास कायदेमंडळाचा सभासद ठरविण्याची चूक सहज होते. 'मुराफा' म्हणजे अपील, 'मिसल' म्हणजे खटल्याचा कागदगठ्ठा, 'तजवीज' म्हणजे निकाल. मराठींतील तजवीज शब्दाच्या अर्थानें येथें फसूं नये. नेमणुका व हुकूम 'जरीदा-ए-आलामिया' या सरकारी पत्रांत येत, निकाल 'दक्कन लॉ रिपोर्ट' मध्यें.

सर्वांत अधिक घोटाळा फसली सनाचा. पेशवे दफ्तर वाचणाऱ्यांस मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभीं, बदलणारा फसली परिचित असतो. हैदराबादचा सरकारी फसली आजूर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांत बदले. महिन्यांचीं नांवें आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान अशीं. ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत फसलींत ५९० मिळवावे, नंतर ५९१. उदाहरणार्थ मेहर १३२९ फसलीचा कागद ऑगस्ट १९२० चा आहे. मृगसालाच्या संवयीनें तो १९१९ चा ठरेल, आणि मधल्या वर्षांत अली इमामांचें मंडळ आलें असल्यामुळें त्या एका वर्षानें सबंध अर्थ बदलेल. रकमा बहुधा हाली शिक्क्यांत असतात. शंभर कलदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै हा सरकारी भाव समजून वकिलांच्या फीचे आंकडे वाचावेत.

हे कागद घरांतून टिकणें आतां पूर्वींहून अधिक महत्त्वाचें झालें आहे. मुसीकांठची हायकोर्टाची इमारत १९२० सालीं उघडली, ती १९०८ च्या महापुरानें शहराची धूळधाण केल्यानंतर. ३१ ऑगस्ट २००९ रोजीं त्याच इमारतींत आग लागून तिच्या ग्रंथालयाची मोठी हानि झाली. १९५६ सालीं हैदराबाद राज्य मोडल्यावर जुनें मध्यवर्ती दफ्तर हैदराबादेसच राहिलें, मराठवाड्याचीं कुटुंबें इकडे आलीं. त्यामुळें पक्षकाराकडे दिलेल्या निकालाच्या सहीशिक्क्याच्या नकला जिंतूर, वसमत, औंढा भागांतील पेट्यांत सांपडण्याचा संभव आहे, आणि मूळ नाहींसें झालें असल्यास त्या नकलाच मूळ होत. अशा नकलेच्या शेवटीं रुक्नांचीं नांवें असतात. तेवढी ओळ जरी उर्दू जाणणाऱ्याकडून वाचून घेतली तरी पुरे. कागदावर ठिकाण 'तालुका बसमत, जिल्हा परभणी' असें असेल. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून तीं गांवें हिंगोलीच्या याद्यांत शोधावीं लागतात, आणि पुरजळही तेथेंच सांपडेल.